दुष्काळाच्या पाहणीला आम्ही सडा टाकला

माठाच्या तळाशी दोनच तांबे पाणी उरलं आहे आणि दारात पाहुणा उभा राहिला, तर तुम्ही त्याला काय सांगाल? 'पाणी नाही' असं निघेल तुमच्या तोंडातून?

निघणार नाही. तुम्ही माठ कलता कराल, तांब्या काठोकाठ भराल, सोबत गुळाचा खडा द्याल आणि पाहुणा गेल्यावर कोरड्या घशानं शेजारच्या घरी जाल. मी नावं ठेवत नाही. आमच्या अख्ख्या गावानं हेच केलं आणि ते करताना मी सगळ्यांच्या पुढे होते. फक्त आमच्याकडे आलेली पाहुणी एक सरकारी अधिकारी होती, आणि गावात पाणी आहे की नाही एवढंच बघायला ती आली होती.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या टोकाला, बेला गावाच्याही पुढे. गावाबाहेर एक नाला आहे. नाल्याच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. नाल्यात पाणी असतं तेव्हा म्हशी दोन्ही राज्यांत डुंबतात. आमच्या अर्ध्या सुना पलीकडच्या, त्यांच्या अर्ध्या सुना इकडच्या. कापूस तोच, ज्वारी तीच, शिव्याही त्याच.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. बोंडं सुपारीएवढीच राहिली. ज्वारी गुडघ्याला लागली नाही. होळी येईपर्यंत गावच्या टाकीला पाणी देणारी बोअर हवा फेकायला लागली आणि घरोघरच्या नळाच्या तोट्यांवर चिमण्या बसायला लागल्या. ढग एकच होता आणि तो नाल्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच न बरसता गेला होता. पण पलीकडे दुष्काळ जाहीर झाला, आमच्याकडे झाला नाही. कारण आमच्या मंडळाचं, म्हणजे तुमच्याकडच्या तालुक्याचं, पाऊस मोजायचं यंत्र जिथे बसवलं आहे, तिथे दोन चांगल्या सरी पडल्या होत्या. यंत्र खोटं बोललं नाही. ते आमच्या गावाबद्दल बोलतच नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं. बाबांचं गावात किराण्याचं दुकान आहे, पण त्यांचा जीव पत्रकांत. शेतकऱ्यांची सभा असो, विडी कामगारांची असो, की कापसाच्या भावाची, आदिलाबादच्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे. गुलाबी, पिवळे, पोपटी कागद, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू. वाटून उरले की आई त्यांत हळद बांधायची. मी अक्षरं त्याच कागदांवर गिरवली. शाळेत जायच्या आधी मला 'निषेध' हा शब्द लिहिता येत होता. 'कमळ' नंतर आलं. त्यामुळे माझ्या हातून साधं पत्रसुद्धा 'बंधूंनो आणि भगिनींनो' असंच सुरू होतं, याला माझा इलाज नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या लेखणीला धार होती आणि समोर कारणही होतं: आत्याचे बैल.

आत्या आमच्या शेजारीच राहते. नवरा गेल्यापासून शेती तीच बघते. एक तांबडा आणि एक बांडा, अशी तिची जोडी. वासरं होती तेव्हापासून तिनं स्वतः वळण लावलेली, दुसऱ्या कुणाच्या हाकेला मान न हलवणारी. उन्हाळ्यात एकेक बैल दिवसाला चार-पाच बादल्या सहज पितो. माणसं नाल्याच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं पाणी भरत होती. तिथे बैलांना काय पाजणार? आत्यानं बाबांना दुकानात येऊन सांगितलं,

"दादा, हा शनिवार सोडतो. टँकर आला नाही तर पुढच्या शनिवारी जोडी बैलबाजारात."

"अवं, थांब जरासाक. अर्जी केली हाये न गावानं."

"अर्जी पीत नाहीत ते."

एवढं बोलून तिनं दोन हात नवा दोर मागितला. बाजारात न्यायच्या बैलाला जुना दोर लावत नाहीत. बाबांनी दोर काढून दिला नाही. दोर संपला म्हणाले. तो त्यांच्या मागेच टांगलेला होता.

गावाची अर्जी मंडळ ऑफिसात पोचली होती आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सरपंचांच्या फोनवर निरोप आला: उद्या सकाळी मॅडम पाहणीला येणार. पाणी नसल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, पंचनामा लिहिला, की टँकर सुरू. गुरांच्या हौदासकट.

गावात असा आनंद झाला की विचारू नका. सरपंच घरोघर फिरले. शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. मी मुद्दे मांडायला उभी राहणार, तेवढ्यात एका बाईनं विचारलं, "मॅडमले बसाले काय टाकाचं?" आणि तिथून बैठक सरकली ती कायमची. खुर्ची कुणाची, चादर कुणाची, चहा कुणाकडे. शेजारच्या वहिनीनं सगळ्यात मोठा प्रश्न काढला. तिचं माहेर नाल्यापलीकडचं आणि जीभ दोन्ही तीरांवर सारखीच चालणारी.

"आणि अंगण? बाई तालुक्यावरून येऊन राह्यली, तिच्या पायाखाली असा फुफाटा ठेवाचा? माह्या माहेरच्या विहिरीले पाणी हाये. चला न साऱ्या जणी. दोन-दोन गुंडं आणू."

पलीकडच्या गावानं आदल्या वर्षी सगळ्यांनी मिळून आपल्या विहिरीतला गाळ उपसला होता, म्हणून तिला अजून पाणी होतं. आमच्या विहिरीत नुसता गाळ होता. रोज तिथून आणायचं म्हणजे वाट लांब आणि येताना चढ. अडीनडीला बायका जायच्या. त्या संध्याकाळी मात्र जत्रेला निघाल्यासारख्या निघाल्या. मीही दोन गुंडं घेऊन गेले. आमच्याकडे पाण्याच्या घागरीला गुंड म्हणतात आणि कंबरेवर गुंड घेतल्याशिवाय पोरगी कामाची मानत नाहीत. येताना आम्ही गाणी म्हणत होतो. आणलेल्या पाण्यातून कुणी प्यायलं नाही. ते पाहुणीसाठी होतं.

मंगळवारी सकाळी गाव ओळखू येत नव्हतं. प्रत्येक अंगणात शेणाचा ओला सडा, त्यावर रांगोळी. शाळेची ओसरी धुतलेली. दारादारांत पाय धुवायला बादली. आणि आत्याच्या गोठ्यासमोर तांबडा आणि बांडा उभे, अंगावरून पाणी निथळतंय, शिंगांना पोळ्याचा उरलेला रंग.

"आत्या! बैल धुतलेस?"

"मंग काय? बाईनं असे मळके पाहाचे का? म्हणन, गावात जनावराले कोणी पाह्यतच नाही."

"अगं, पण पिण्याचं पाणी होतं ना ते त्यांचं!"

"त्यायचंच होतं न वं. त्यायच्याच अंगावर टाकलं."

मला तेव्हाही काही खटकलं नाही. का, ते सांगते. मी माझ्या पत्रकात दंग होते. आदल्या दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर बसून मी ते लिहिलं होतं. वर ठळक अक्षरांत 'आम्ही भीक मागत नाही!' आणि खाली सतरा ओळी, एकीपेक्षा एक जळजळीत. वीस प्रती काढून आणल्या होत्या आणि छातीशी धरून मी रांगोळीच्या कडेला उभी होते.

जीप आली. मॅडम उतरल्या. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, साधी सुती साडी, हातात फोन आणि वही. मराठी त्यांना येत नव्हती. आम्ही हिंदीवर आलो. आता आमचं हिंदी म्हणजे परक्या माणसाला खूश ठेवायची भाषा. त्यात तक्रार करायचा आम्हाला सराव नाही.

"पानी का प्रॉब्लेम है ना?" त्यांनी विचारलं.

सरपंच हात जोडून म्हणाले, "है ना मॅडम, है! पहले आप पानी लेओ. ठंडा है. गुड लेओ."

त्या पाणी प्यायल्या. दुसऱ्या घरी पुन्हा पाणी, पुन्हा गूळ. तिसऱ्या घरी पाय धुवायचा आग्रह. प्रत्येक दारात त्या फोननं फोटो काढत होत्या. सडा, रांगोळी, भरलेल्या बादल्या, रंगीत शिंगांचे चकचकीत बैल आणि त्यांच्या शेजारी पदर सावरून उभी आत्या. मी ते फोटो नंतर पाहिले. आमचं गाव इतकं सुंदर मी कधीच पाहिलं नव्हतं.

शेवटी ओसरीवर बसून त्यांनी पंचनामा लिहिला, तेलुगूत. पाच पंचांच्या सह्या हव्या होत्या. चार मोठी माणसं झाली आणि पाचवी म्हणून सरपंचांनी मला पुढे केलं, कारण गावात सहज तेलुगू वाचणारी मीच. मी पुढे झाले आणि हीच संधी साधून पत्रक मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. दुसरी बाजू कोरी होती. घाईघाईत मी सगळं मराठीतच लिहिलं होतं. रागाची भाषा आईचीच असते.

"इसमें क्या लिखा है?"

समोर ओली रांगोळी. पाहुणीच्या ओठांना अजून गूळ लागलेला. वरच्या ओळीवर माझं बोट. आणि मी, सतरा जळजळीत ओळींची लेखिका, म्हणाले, "गाँव की जानकारी है, मॅडम."

"बहुत अच्छा," त्या म्हणाल्या आणि कौतुकानं हसल्या. त्या कौतुकानं मी इतकी फुगले, की पुढ्यातल्या कागदावर न वाचताच सही ठोकली.

पुढच्या सोमवारी निकाल कळला. आमच्या गावात पाणी पुरेसं आहे, टँकरची गरज नाही.

ओसरीवर गाव जमलं. मी पेटलेच. ही फसवणूक आहे, हा अन्याय आहे, आपण मंडळ ऑफिसावर चालून जायला पाहिजे, वगैरे वगैरे. बाबा एका कोपऱ्यात बसून पंचनाम्याची प्रत बघत होते. तेलुगू त्यांना अडखळत येते. त्यांनी मान वर केली.

"ही पाचवी सही कोणाची हाये वं?"

"माझी."

"तुले वाचता येत होतं न?"

"हो."

"मंग वाचलं काऊन नाही?"

आयुष्यभर ज्या माणसानं मला न वाचता सही करणाऱ्यांची टिंगल ऐकवली, त्याच्यासमोर मी उभी होते. मला वाटलं ते ओरडतील. ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी. "अख्ख्या जिल्ह्यात दुष्काळाले रांगोळी काढणारं आपलंच गाव असन बाप्पा!" सरपंच हसले. वहिनी हसली आणि म्हणाली, "अन् मॅडमनं पायबी धुतले!" बघता बघता सगळी ओसरी हसत होती. एवढ्या कोरड्या दिवसांत लोक असे हसू शकतात, हे मला कुठल्याही पत्रकानं शिकवलं नव्हतं.

आत्या मात्र हसत नव्हती. ती उठली आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, दोर दे आता. आज सोमवार. शनिवार काही दूर नाही."

हसणं थांबलं. मला वाटतं, मी खऱ्या अर्थानं कामाला लागले ती त्या क्षणी. घोषणा एकही सुचली नाही. मी म्हटलं, "आत्या, दोर शुक्रवारी घे. उद्या माझ्यासोबत मंडळ ऑफिसला चल."

"मी काय बोलू तिथं?"

"काही नको बोलू. तू फोटोत आहेस."

मंगळवारी पहिल्या बसनं आम्ही गेलो. मॅडमनी ओळखलं, बसायला सांगितलं आणि स्वतःच्या बाटलीतून दोन पेले पाणी दिलं. या वेळी मी तेलुगूत बोलले. सगळं सांगितलं: सडा कुठल्या पाण्याचा, बादल्या कुठून भरल्या, बैल कशानं धुतले. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा कडक होत गेला.

"मग मला खोटं का दाखवलं? मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. आता मी काय लिहू, की गावानं मला फसवलं?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर आत्यानं विचारलं, काय म्हणते बाई? मी सांगितलं. आत्या मराठीतच सरळ मॅडमशी बोलली, जणू त्यांना कळतंच आहे.

"फसवाले कायले फसवू माय? तुमी आमच्या दारात पहिल्यांदा आल्या. पावण्या बाईपुढं रिकामं गुंड ठेवाची रीत नाही आमची. तुमच्या घरी मी आली, तं तुमी पेल्यात पाणी देल्लं का नाही? बाटली अर्धी झाली तुमची. मी लिवू का मंग, का बाईकडं लय पाणी हाये?"

मी भाषांतर केलं. मॅडमनी बाटलीकडे पाहिलं. ती खरंच अर्धी झाली होती. त्या हसल्या नाहीत, पण चेहऱ्यावरचा कडकपणा उतरला. मग म्हणाल्या, "मी उद्या येते. किती वाजता ते सांगणार नाही. आणि सडा दिसला तर परत जाईन."

बुधवारी त्या सहा वाजताच हजर. जीप गावाबाहेर सोडून चालत आल्या होत्या. बायका गुंडं घेऊन नाल्याकडे निघतच होत्या. धूळ जिथल्या तिथे होती आणि वहिनी शरमेनं पदर तोंडाला लावून म्हणत होती, "अंगण झाडलंबी नाही वं माय!"

"मलाही एक द्या," मॅडमनी खुणेनं गुंड मागितलं.

"तुमाले नाही जमाचं," वहिनी म्हणाली.

"बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या क्वार्टरात वाढले मी," त्या मला तेलुगूत म्हणाल्या. "नळ यायच्या वेळेला अम्मा आम्हा सगळ्यांना उठवायची. पाण्याची रांग मला शिकवू नका म्हणावं."

वाट उतरताना सगळं ठीक होतं. नाल्याच्या वाळूत बायकांनी त्यांना आमचे झिरे दाखवले. हातभर खोल खड्डा, तळाशी नखाएवढं चमकणारं पाणी. त्या वाकून बघत बसल्या, वाटी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं, वहीत लिहिलं. मग पलीकडे गेलो. विहिरीवर त्या गावच्या बायका होत्याच. त्यांनी वहिनीला पाहून लगेच तोंड सोडलं.

"आली का वं तेलंगणातली श्रीमंतीण? दुष्काळ आमच्याकडं, तहान तुमच्याकडं!"

"तुमच्या सरकारले म्हणा, आमचा दुष्काळबी जाहीर करून टाका एका सहीत!" वहिनीनं उलट टाकली.

"अन् हे कोण नवीन सून आणली?"

"सून नाही, साहेब हाये आमच्या!"

मॅडमना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण 'साहेब' कळलं. पलीकडच्या एका बाईनं त्यांच्या गुंडात पाणी ओतून दिलं, वर एक कडुनिंबाची डहाळी ठेवली, हिंदकळू नये म्हणून. मी मॅडमना समजावून सांगितलं: ज्या गावात दुष्काळ जाहीर झालाय, ते गाव दुष्काळ नसलेल्या गावाला पाणी देतंय. त्या थांबल्या. मग इतक्या मोठ्यानं हसल्या, की डहाळीसकट अर्धं गुंड सांडलं.

चढावर उरलेलं अर्धं सांडलं. त्या दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा बसल्या तेव्हा आत्यानं स्वतःचं गुंड डोक्यावर ठेवूनच त्यांचं गुंड कंबरेला घेतलं आणि म्हणाली, "उठा साहेब. अजून वळणं दोन."

ओसरीवर पोचल्यावर त्यांनी नवा पंचनामा लिहायला घेतला. सह्यांसाठी कागद सरपंचांकडे सरकवला, तेव्हा मी हात मध्ये घातला.

"आधी वाचून दाखवा मॅडम. सगळ्यांना. मी मराठीत सांगते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद मागे घेतला आणि वाचायला लागल्या. त्या एक ओळ वाचत, मी मराठीत सांगत होते. पुढे जे झालं ते कुठल्याही सभेत झालं नसेल.

"ग्रामस्थ शेजारच्या गावातून पाणी आणतात."

"शेजारच्या नाही, माह्या माहेरातून," वहिनी म्हणाली. "तसं लिवा."

मॅडम म्हणाल्या, कागदात माहेर लिहिता येत नाही.

"काऊन? माहेर काय बेकायदा हाये?"

शेवटी 'नाल्यापलीकडील, महाराष्ट्रातील गावच्या विहिरीतून' यावर तडजोड झाली.

"अंतर सुमारे दीड किलोमीटर."

"जाताना दीड," आत्या म्हणाली. "येताना विचारा साहेबाले."

मॅडमनी न विचारता भर घातली: परतीची वाट चढाची, भरलेल्या भांड्यासह अत्यंत कष्टाची. बायकांनी माना डोलावल्या. मग पुढची ओळ आली: पहिल्या पाहणीत दिसलेलं पाणी गावाचं नव्हतं, पाहुणचारासाठी बाहेरून आणलेलं होतं, आणि ग्रामस्थांनी त्या वेळी ही गोष्ट सांगितली नव्हती.

सरपंच चुळबुळले. "हे लिवाच लागते का? चार गावांत नाव होईन. उसन्या पाण्यानं मिरवलं म्हणतीन."

तत्त्व माझ्या बाजूला होतं आणि लाज सगळ्यांच्या. ही ओळ गेली तर मॅडमचे दोन पंचनामे एकमेकांशी भांडतील आणि वर कुणी टँकर मंजूर करणार नाही, हे मात्र उघड होतं. सगळे नकळत आत्याकडे बघायला लागले. ती भिंतीला टेकून बसली होती, केस चिकटलेले, खांद्यावर सांडलेल्या पाण्याचा ओला डाग.

"लिवा," ती म्हणाली. "अन् बैल धुतले, तेबी लिवा. पेयाच्या पाण्यानं धुतले म्हणा. मीनं धुतले."

मॅडमनी ते लिहिलं. मी सांगते, इतक्या सरळ वाक्याचं मी त्याआधी कधी भाषांतर केलं नव्हतं. पाच सह्या झाल्या. आत्याला सही येत नाही, तरी तिनं अंगठा पुढे केला. मॅडम म्हणाल्या, पाच झाल्या, सहावीची गरज नाही. "गरज मले हाये," आत्या म्हणाली. सहावा अंगठा पडला.

शुक्रवारी दुपारी टँकर आला. पाणी आलं म्हणून कुणी ओरडलं नाही. आधी ड्रायव्हरला पाणी आणि गूळ. त्यानं स्वतःच आणलेल्या पाण्यातला तांब्या पिऊन टाकला आणि त्याला त्यातली गंमत कळली नाही. मग गुरांच्या हौदात पाइप सोडला. तांबडा आणि बांडा असे प्यायले की पोटं दोन्ही बाजूंनी ढोलासारखी फुगली. आत्या त्यांच्या मध्ये उभी राहून दोघांच्या पाठी चोळत होती आणि उगाचच त्यांना शिव्या देत होती.

शनिवारी बैलबाजार भरला. ती जोडी तिथे नव्हती. पलीकडच्यांनी आपल्या विहिरीचा गाळ काढला, मग आपण का नाही, असं वहिनीनं गावाला डिवचलं होतं आणि त्या सकाळी आम्ही सगळे आमच्या विहिरीवर होतो. वर ओढलेला काळा गाळ आत्याच्या बैलबंडीत पडत होता आणि तांबडा-बांडा तो शेतात नेऊन टाकत होते. दुसऱ्या खेपेला मॅडमनी फोन करून विचारलं, काय चाललंय? सरपंच सवयीनं म्हणाले, "सब अच्छा है मॅडम," आणि जीभ चावून लगेच दुरुस्ती केली, "अच्छा नहीं है, लेकिन काम चालू है." संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे कोपरापर्यंत काळे झालो होतो. विहिरीच्या तळाला पाणी अजून लागलं नव्हतं. तरी कुणी घरी जायचं नाव काढेना.

टँकर पुढे पहिल्या पावसापर्यंत येत राहिला. तो आला तो आमच्या तहानलेल्या चेहऱ्यांमुळे नाही, माझ्या सतरा ओळींमुळे तर मुळीच नाही. आमच्याबद्दल लिहिलेलं एक पान आमच्यासमोर मोठ्यानं वाचलं गेलं आणि ज्यांच्या कंबरेवर गुंड होतं त्यांनी ते दुरुस्त केलं, म्हणून आला.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, एक काम करा. तुमच्या गावाच्या, वस्तीच्या किंवा गल्लीच्या पाण्याबद्दल ऑफिसात जो शेवटचा कागद लिहिला गेला आहे, तो जाऊन मागा. मिळेपर्यंत बसून राहा. तो चार लोकांत आपल्या भाषेत मोठ्यानं वाचायला लावा, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना पहिल्या रांगेत बसवा. जी ओळ खोटी निघेल, मग ती आपल्याच भलेपणानं खोटी झालेली का असेना, तिच्यावर बोट ठेवा आणि बदलून घ्या. उद्याच जा. परवा सुट्टी असेल.